टेरिपॅराटाइडचं पेन: हाडं बांधणाऱ्या पेशींना कामाला लावणारी सुई

मणका एकदा दबलेला आहे, स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं सुटलेल्या नाहीत आणि आता डॉक्टरांनी रोजच्या इंजेक्शनचं नाव काढलंय, अशांसाठी हे लिहिते आहे. निकाल आधीच सांगून टाकते. टेरिपॅराटाइडचा पूर्ण कोर्स मी केला, त्याने माझ्या पाठीचं भलं झालं, आणि पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच औषध निवडेन. मात्र ते शरीरात नेमकं काय करतं हे कळल्याशिवाय कुणी सुरू करू नये. त्याची मुदत ठरलेली असते, आणि मुदत संपल्यावरची पायरी चुकली तर कमावलेलं हाड हातचं जातं.

मला आमवात आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी कधी कमी, कधी जास्त, पण कायमची सोबतीला. माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातल्या तुकड्यांचे काप मायक्रोस्कोपखाली तपासणाऱ्या, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून झाली. हाडाचा तुकडा आला की तो आधी आम्लात ठेवायचा, त्यातलं कॅल्शियम निघून तो सुरी चालेल इतका मऊ झाला की मेणात बसवायचा, मायक्रोटोम या यंत्रावर पातळ काप काढायचे आणि रंगवायचे. अशा कापात हाड गुलाबी दिसतं. जिथे नवं हाड तयार होत असतं तिथे त्या गुलाबी कडेला जांभळट-निळसर, चौकोनी पेशींची एक रांग असते, एकमेकींना खेटून बसलेली. प्रत्येकीचं केंद्रक हाडापासून दूरच्या बाजूला सरकलेलं. या ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड बांधणाऱ्या पेशी. त्या आधी कोलॅजनचं जाळं विणतात आणि मग त्यात खनिज बसवतात. त्याच काचेवर दुसरीकडे एखादी मोठी, अनेक केंद्रकांची पेशी हाडात खड्डा करून बसलेली असते. ती ऑस्टिओक्लास्ट, हाड कुरतडणारी. आणि हाडाच्या आत छोट्या छोट्या पोकळ्यांत एकेकट्या बसलेल्या असतात त्या ऑस्टिओसाइट. आपणच बांधलेल्या हाडात गाडल्या गेलेल्या जुन्या ऑस्टिओब्लास्टच त्या. प्रौढ माणसाच्या हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच असतात, आणि कुठे खणायचं, कुठे बांधायचं याचे हुकूम मुख्यतः त्यांच्याकडून सुटतात.

ती निळसर रांग मी इतकी वर्षं पाहिली होती की स्वतःच्या हाडांचा प्रश्न आला तेव्हा प्रत्येक औषधाबद्दल माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहिला: हे औषध त्या रांगेचं काय करतं? या लेखातलं माझं सगळं मत त्याच मोजपट्टीवर बेतलेलं आहे.

स्टेरॉइड त्या रांगेचं काय करतं ते आधी पाहू, कारण माझ्यासारख्यांचा आजार तिथूनच सुरू होतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात तेव्हा मुख्य गडबड कुरतडणाऱ्या पेशींची असते: इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो, त्या बेफाम होतात, आणि बांधणाऱ्या पेशी काम वाढवूनही मागे पडतात. स्टेरॉइडमध्ये मार बसतो तो थेट बांधणाऱ्यांवर. मज्जेतल्या ज्या मूळ पेशींपासून ऑस्टिओब्लास्ट तयार व्हायच्या त्या चरबीच्या पेशींकडे वळतात, तयार झालेल्या ऑस्टिओब्लास्ट लवकर मरतात, आणि आतल्या ऑस्टिओसाइटसुद्धा मरतात. म्हणून स्टेरॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हाड मोडण्याचा धोका वाढतो, घनतेच्या तपासणीत फारसं काही दिसण्याआधीच. रिपोर्ट बरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, हे मला आमवाताच्या प्रत्येक रुग्णाला ओरडून सांगावंसं वाटतं.

मला सुरुवातीला आठवड्याची गोळी होती, अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, कारण ती अन्ननलिकेला झोंबते. या गोळीबद्दल मी वाईट बोलणार नाही. बिस्फॉस्फोनेट वर्गातली ही औषधं हाडाच्या खनिजाला जाऊन चिकटतात. कुरतडणारी पेशी तिथलं हाड विरघळवायला लागली की औषध तिच्या पोटात जातं आणि तिच्यातलं एक एन्झाइम बंद पाडतं. पेशी लुळी पडते, मरते. हाड वाचतं. पाळी गेलेल्या लाखो बायकांचे मणके आणि खुबे या स्वस्त, जुन्या गोळीने मोडण्यापासून वाचवले आहेत.

मात्र आपल्या शरीरात खणणं आणि बांधणं एकमेकांना बांधलेलं आहे. जुना गिलावा खरवडल्याशिवाय नवा हात मारत नाहीत, तसं कुरतडलेल्या खड्ड्यातूनच बांधणाऱ्यांना बोलावणं जातं. खणायला दोन-तीन आठवडे, भरायला तीन-चार महिने, असा एका जागेचा फेरा असतो. खणणं थांबलं की थोड्या महिन्यांत बांधणंही मंदावतं. रक्तात हे मोजता येतं: हाड कुरतडलं जात असल्याची खूण असलेलं सीटीएक्स आधी खाली येतं आणि मागोमाग हाड बांधल्याची खूण असलेलं पी१एनपीही उतरतं. तरी घनता थोडी वाढते, कारण जे हाड आहे ते जास्त काळ टिकतं आणि त्यात खनिज अधिक गच्च भरतं. पेशींवरच्या प्रयोगांत बिस्फॉस्फोनेटने ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट मरण्यापासून वाचतात असंही दिसलेलं आहे, पण रुग्णाच्या शरीरात अंती जे होतं ते हेच: दोन्ही टोळ्या शांत. आहे ते राखलं जातं, नवं फारसं उभं राहत नाही.

माझ्या बाबतीत राखण्याजोगं फार उरलं नव्हतं. गोळ्या नियमित चालू असताना, वाकून पांघरूण उचलताना पाठीत कळ आली आणि एक्स-रेमध्ये कमरेच्या वरचा मणका पाचरीसारखा दबलेला दिसला. कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे ३.४. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात, म्हणजे मी बरीच खोलात होते. डॉक्टरांनी टेरिपॅराटाइड सुचवलं.

हे औषध म्हणजे आपल्याच पॅराथायरॉइड हॉर्मोनचा तुकडा. मूळ हॉर्मोन ८४ अमिनो आम्लांचं, त्यातली पहिली ३४ यात आहेत. ऐकणारा लगेच चमकतो, कारण पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागली तर हाडं झिजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तेच हॉर्मोन हाड कसं बांधेल? उत्तर मात्रेच्या वेळेत आहे. हॉर्मोन रक्तात सतत वाढलेलं राहिलं तर बांधणाऱ्या घराण्यातल्याच पेशी रँक-एल नावाचं प्रथिन जास्त सोडतात आणि कुरतडणाऱ्यांना चेव येतो. तेच हॉर्मोन रोज एकदा, थोडा वेळ येऊन निघून गेलं तर पारडं उलटं फिरतं. सुई टोचल्यावर अर्ध्या तासात रक्तातली पातळी शिखराला पोहोचते आणि काही तासांत औषध नाहीसं होतं. तेवढ्या झटक्यात हाडाच्या पृष्ठभागावर चपट्या होऊन निजलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहून बांधायला लागतात, नव्या ऑस्टिओब्लास्ट तयार होतात, असलेल्यांचं मरण लांबतं, आणि आतल्या ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन हा ब्रेक कमी सोडतात. या ग्रंथीच्या अर्काने प्राण्यांमध्ये नवं हाड वाढतं हे हान्स सेल्ये या संशोधकाने १९३२ मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. औषध म्हणून मान्यता मिळायला २००२ साल उजाडलं. सत्तर वर्षं! इतकी चांगली गोष्ट इतका काळ कागदावर पडून राहिली याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुरावा भक्कम आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुख्य चाचणीत, पाळी गेलेल्या आणि आधी मणका दबलेल्या १,६३७ स्त्रिया होत्या. रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांमध्ये नव्याने मणका दबण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांनी घटलं. माझ्यासाठी त्याहून महत्त्वाची २००७ ची चाचणी, कारण ती स्टेरॉइडवाल्यांची. ४२८ रुग्ण, निम्म्यांना अ‍ॅलेन्ड्रोनेट, निम्म्यांना टेरिपॅराटाइड. दीड वर्षाने कमरेच्या मणक्यांची घनता गोळीवाल्यांत ३.४ टक्के वाढली, सुईवाल्यांत ७.२ टक्के, नवे मणके दबले ते गोळीवाल्यांत ६.१ टक्के रुग्णांत आणि सुईवाल्यांत ०.६ टक्के रुग्णांत. ज्या आजारात मार बांधणाऱ्या पेशींवर आहे तिथे बांधणाऱ्यांना उठवणारं औषध जिंकावं, हे माझ्या स्लाइडवरच्या रांगेशी तंतोतंत जुळतं.

आता पेन. जाड मार्करएवढं असतं, मात्रा आधीच ठरलेली, त्यामुळे मोजामोजीची भानगड नाही. एक पेन २८ दिवस चालतं. आत थोडं औषध उरलेलं दिसलं तरी २८ दिवसांनी टाकायचंच. दर वेळी नवी सुई लावायची, काम झालं की काढून कडक डब्यात टाकायची, पेनला लावून ठेवायची नाही. जागा मांडीची किंवा पोटाची. मी मांडी निवडली आणि रोज बाजू बदलत गेले. कातडीची चिमट धरायची, सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबायचं, मनात सावकाश पाचपर्यंत मोजायचं, मगच सुई बाहेर. टोचल्याचं दुखणं नगण्य आहे. आमवाताने वाकड्या झालेल्या माझ्या बोटांना खरा त्रास झाला तो बटणाचा. सकाळी सांधे आखडलेले असताना अंगठ्यात जोर यायचा नाही, म्हणून मी वेळ रात्रीची करून घेतली. ठिसूळ हाडांच्या रुग्णांत आमवाताचे इतके लोक असताना बटण इतकं कडक का, हे पेन बनवणाऱ्यांनी एकदा अशा हातांना विचारायला हवं. या बाबतीत माझे गुण कापलेलेच राहतील.

एका पेनाचं बटण मध्येच अडकलं. ज्या दुकानातून घेतलं होतं त्यांनी हात वर केले, शेवटी कंपनीच्या मदत क्रमांकावर बरंच बोलल्यावर बदलून मिळालं. तेव्हापासून एक शहाणपण शिकले: पेनाचं खोकं आणि त्यावरचा बॅच क्रमांक कोर्स संपेपर्यंत जपून ठेवायचा.

फ्रिजची अट मोडून चालत नाही. २ ते ८ अंश, वापरात असतानाही. सुई टोचायला बाहेर काढा, लगेच आत ठेवा. आणि गोठता कामा नये, म्हणून बर्फाच्या कप्प्याजवळ किंवा मागच्या गार भिंतीला टेकवून ठेवू नका. दाराच्या कप्प्यात तापमान वरखाली होतं. मधला कप्पा बरा.

त्रास काय झाला? पहिल्या काही मात्रांनंतर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, रक्तदाब क्षणभर उतरतो. म्हणून सुई पलंगावर बसून घ्यायची आणि घेतल्यावर घाईने उठायचं नाही. ज्याचं हाड ठिसूळ आहे त्याला चक्कर येऊन पडणं परवडत नाही. मला पोटऱ्यांत गोळे यायचे, रात्री जास्त. ते पुढे कमी झाले. काहींना मळमळ होते, डोकं दुखतं. रक्तातलं कॅल्शियम सुईनंतर काही तास थोडं वाढतं, म्हणून त्याची तपासणी शेवटच्या सुईनंतर किमान १६ तासांनी करायची असते. हे प्रयोगशाळेत कुणी आपणहून विचारत नाही, रुग्णानेच सांगावं लागतं. मुतखड्याचा इतिहास असेल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला.

कॅन्सरच्या भीतीविषयी स्पष्ट बोलते, कारण ही भीती घालणारा एक तरी नातेवाईक प्रत्येकाला भेटतो. उंदरांना लहानपणापासून जवळजवळ आयुष्यभर हे औषध मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा त्यांच्यात हाडांचा कॅन्सर दिसला. त्यामुळे मुख्य चाचणी लवकर थांबवली गेली आणि औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा आला. नंतर वर्षानुवर्षं माणसांवर नजर ठेवली गेली आणि त्यांच्यात धोका वाढलेला आढळला नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती चौकट काढून टाकली. तरीही ज्यांच्या हाडांना किरणोपचार झालेत, ज्यांना हाडांचा कॅन्सर किंवा हाडांत पसरलेला कॅन्सर आहे, पॅजेटचा आजार (ज्यात हाडाची मोडतोड आणि बांधणी वेडीवाकडी होते) आहे, पॅराथायरॉइड ग्रंथीच मुळात जास्त काम करते आहे किंवा रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाड बांधण्याशी जोडलेलं एन्झाइम कारण न कळता वाढलेलं आहे, त्यांच्यासाठी हे औषध नाही. ज्या शरीरात बांधणाऱ्या पेशी आधीच वेड्यावाकड्या वागत आहेत तिथे त्यांना आणखी चेतवायचं नसतं.

परिणाम दिसायला धीर लागतो, पण रक्त लवकर बोलतं. सुरू करण्याआधी माझं पी१एनपी २४ होतं, गोळ्यांनी दबलेलं. तीन महिन्यांनी ते ८१ झालं. तो कागद हातात घेतला तेव्हा मला मायक्रोस्कोपखालची ती निळसर रांग डोळ्यांसमोर दिसली. आधी बिस्फॉस्फोनेट घेतलेल्यांमध्ये ही चढण जरा संथ असते, पण होते. सुरुवातीचे काही महिने बांधणं पुढे पळतं आणि कुरतडणं मागून येतं. या मधल्या काळात कमाई सर्वात जास्त. पुढे दोन्ही वाढलेली राहतात आणि नफा हळूहळू कमी होतो. कोर्स साधारण दोन वर्षांचा ठेवतात.

कोर्सच्या शेवटी कमरेचा टी-स्कोअर उणे २.८ झाला. खुब्याचा आकडा मात्र जवळपास जिथल्या तिथे. हे अपेक्षितच असतं: मणक्यात जाळीदार हाड जास्त, तिथे औषधाचा असर दिसतो; खुब्यात कवचाचं हाड जास्त, तिथे पहिल्या वर्षी आकडा थोडा उतरूही शकतो. खुब्यासाठी चमत्काराची वाट पाहणाऱ्याची निराशा होईल. पण नवा मणका दबला नाही, आणि वाकताना जो धसका बसला होता तो गेला. माझ्यासाठी हीच मोठी कमाई.

याच जातीचं आणखी एक औषध आहे, रोमोसोझुमॅब, २०१९ मध्ये मान्यता मिळालेलं. ऑस्टिओसाइट सोडतात त्या स्क्लेरोस्टिनला ते बांधून टाकतं, म्हणजे ब्रेकच निघतो. बांधणं झपाट्याने वाढतं आणि त्याच वेळी कुरतडणं कमी होतं. महिन्यातून एकदा, बारा महिने. पण बांधण्याचा तो जोर काही महिन्यांत ओसरतो, आणि हृदयविकार किंवा पक्षाघात नुकताच होऊन गेलेल्यांना ते देत नाहीत. मी ते घेतलेलं नाही, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

माझी सर्वात मोठी तक्रार पेनाबरोबरच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. सुई कशी लावायची याची चित्रं पानभर, आणि कोर्स संपल्यावर काय, हे रुग्णाला समजेल अशा एका ठळक ओळीत कुठे नाही. सुई थांबली की बांधणाऱ्या पेशी पुन्हा निजतात आणि मिळवलेली घनता वर्षभरात बरीचशी उतरू लागते. म्हणून नंतर लगेच कुरतडणाऱ्यांना आवरणारं औषध हवं. मला झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदाचं सलाईन दिलं. दोन दिवस कणकण आणि अंगदुखी झाली, मग ठीक. काहींना सहा महिन्यांनी एकदाचं डेनोसुमॅब देतात. ते रँक-एललाच अडवतं, त्यामुळे कुरतडणाऱ्या पेशी जन्मालाच येत नाहीत. त्याची सुई चुकवली किंवा मनाने बंद केली तर त्या एकदम उसळतात आणि एकाच वेळी अनेक मणके दबल्याच्या घटना आहेत. शिवाय क्रमही उलटा चालत नाही: आधी डेनोसुमॅब आणि मग ते सोडून टेरिपॅराटाइड, असं केलं तर सुरुवातीला हाड कमीच होतं.

तेव्हा पहिलं पेन उघडण्याआधीच डॉक्टरांकडून हे लिहून घ्या: माझं व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम पुरेसं आहे का, पी१एनपी कधी तपासायचं, घनतेची तपासणी त्याच मशीनवर पुन्हा कधी, आणि शेवटच्या सुईनंतर किती दिवसांत कोणतं औषध सुरू होणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर "तेव्हाचं तेव्हा बघू" असं आलं, तर सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.